इंजिनाला थंडी वाजली

वडिलांच्या इंजिनाला मी गोधडी पांघरली, तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि गावात मी शहाणा समजला जात होतो.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. पिंगळीच्या शिवारात विहिरीवर क्रूड तेलाचं इंजिन बसवणारे आम्ही पहिलेच. ते घ्या म्हणून अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे मीच लागलो होतो. परभणीच्या दुकानात मिस्त्री इंजिन चालवून दाखवत होता आणि मी तोंड उघडं टाकून बघत होतो. एवढ्या शिक्षणावर घरात माझी इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली! मग मी आणखी एक अक्कल चालवली. "आता मोट बंद झाली, बैलं कशाला पोसायची?" असं म्हणून मोटेची जोडी बोरीला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, घरी धाडायला लावली. अण्णांचा त्या बैलांवर फार जीव. ते वेशीपर्यंत पोचवायला गेले आणि परत आल्यावर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पौषात कडाक्याची थंडी पडली. गहू पोटरीत आलेला. ह्या वेळी पाणी चुकलं तर ओंब्या पोचट, आणि मग होळीची पुरणपोळी शेजाऱ्याच्या घरून येणाऱ्या वासावर भागवायची. आणि नेमकं पाणी द्यायच्या सकाळीच इंजिन रुसलं. हँडल मारून मारून माझे खांदे निखळायची वेळ आली, तेव्हा कुठे ते भक... भक-भक... भक करत सुरू झालं. तेही असं, की प्रत्येक ठोक्याला वाटावं, हा शेवटचा! विहिरीच्या काठावर पाण्याची धार करंगळीएवढी.

"हे असं कामून करायलंय?" अण्णांनी विचारलं.

"बघतो ना," मी म्हणालो. (बघण्यापलीकडे मला काही येत नव्हतं.)

शेजारच्या रानात मेंढरं बसवलेले धोंडिबा आवाज ऐकून आले. त्यांनी मान तिरकी करून दोन ठोके ऐकले, इंजिनाच्या अंगावर हात ठेवला आणि निदान केलं, "छाती भरलीय. मेंढराला थंडी बाधली की अशीच धाप लागती. पांघरूण घाला."

"धोंडिबा, लोखंडाला कसली हो थंडी?" अण्णा म्हणाले.

इथे मी गप्प बसलो असतो, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शिकलेला माणूस! मी पुढे होऊन म्हणालो, "अण्णा, त्यांचं बरोबर हाय. थंडीनं क्रूड घट्ट होतं. इंजिनाला ऊब पायजे. हे शास्त्र हाय!"

शास्त्र म्हटल्यावर अण्णांचा नाइलाज झाला. आमची माय भाकरी घेऊन मळ्यात आली होती, ती गोधडी लपेटून बांधावर बसलेली. मी गोधडी मागितली.

"आन मी काय पांघरू?"

"माय, गहू मोठा का गोधडी?"

तिने गोधडी दिली, पण नजर अशी दिली की मी अजून विसरलेलो नाही. फिरतं चाक सोडून बाकी सगळं इंजिन मी बाळंतिणीसारखं गुंडाळलं. लगेच त्याला जोराची ढास लागली आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला.

"आं!" धोंडिबा खूश झाले. "कफ सुटायलाय! लय चांगली खूण हाय."

मग कफ आणखी सुटावा म्हणून त्यांनी आपली घोंगडीही वरून टाकली. इंजिन आता डोळे पांढरे करायच्या बेतात आलं. मी क्रूड गाळून बघितलं (अण्णांच्या नव्या धोतरातून). पट्टा ताणून बघितला. टाकीला कान लावला. कान काळा झाला, कळलं काहीच नाही. पण खरं सांगतो, मला भीतीपेक्षा नवलच जास्त वाटत होतं. जितकी ऊब द्यावी तितकं हे कण्हतं कसं?

पाण्याची धार तुटली. अण्णा वाफ्याकडे बघत हळूच म्हणाले, "रंगा, जा. बोरीहून बैलं घेऊन ये."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून निघालो. मी वाटेवरच्या बाभळीपर्यंत पोचलो असेन नसेन, मागून आवाज आला: टक-टक-टक-टक! एकसारखा, खणखणीत. वळून पाहिलं तर पाटात पाणी धो धो पडत होतं. मी पळत माघारी आलो.

"काय केलं?"

"काय न्हाई," अण्णा चकित होऊन म्हणाले. "तू गेलास आन सुरू झालं."

माय गोधडीत गुरफटून बसली होती आणि धोंडिबा घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांकडे चालले होते. ते मी पाहिलं, पण त्यातून काही बोध घेतला नाही. "थंडी निघाली वाटतं," मी म्हणालो, "पुन्हा भरायला नको," आणि अण्णांच्या अंगावरची धाबळी काढून इंजिनावर घातली. भक... भक-भक... भक!

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू जरा त्या बाभळीपर्यंत जा बरं."

मी गेलो. तेवढ्यात माय उठली, "वारं लागायलंय, उघडे काय उभे राहिलात?" म्हणत तिने धाबळी ओढून अण्णांच्या अंगावर टाकली. टक-टक-टक-टक!

"बघितलं?" अण्णा गरजले. "ह्याच्या सावलीचाच वीट हाय त्याला!"

आता मात्र मला राहवेना. मी दबकत आलो आणि धाबळीचा कोपरा धरून इंजिनाच्या अंगावरून सगळीकडे फिरवला. बाजूला भोकं असलेला एक डबा होता. तिथे कोपरा नेला, तर तो सुळकन ओढला गेला आणि इंजिन अडखळलं. म्हणजे हे इथून श्वास घेतं! सकाळी ते नुसतं गारठलं होतं. तापल्यावर आपोआप सुधारलं असतं. आणि आम्ही गोधडी-घोंगडीनं त्याचं नाक दाबून बसलो होतो!

"अण्णा, सापडलं! हे बघा, हे त्याचं नाक!"

"आसंल," अण्णा शांतपणे म्हणाले. "तू घरी जा."

मी गेलो. गव्हाचं एकूणएक पाणी त्यांनी मला बांधावरही न येऊ देता दिलं. बैल बोरीलाच राहिले. आणि गहू असा आला, की लोक बघायला यायचे.

"कोणतं खत घातलं?" ते विचारायचे.

"खत न्हाई, काही न्हाई," अण्णा माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे. "यंदा ह्याला मळ्यात येऊ दिलं न्हाई!"