ढोरकी नसताना ठरलेली चराईबंदी

चंद्रपूरच्या प्रशिक्षणातून मी एक खूळ घेऊन गावी आले. तिथे आम्हाला बर्फाळ मुलखात रेनडिअर पाळणाऱ्या लोकांची फिल्म दाखवली होती. ती माणसं नकाशा पसरून तावातावानं भांडत होती: वीस वर्षांनी इथे खाण आली तर आपले कळप कुठून जातील? मला वाटलं, हे आपणही करायला हवं. आमच्या ग्रामसभेला जंगलाचा सामूहिक हक्क मिळालेला, तिची सचिव मी, आणि हातात खडू आला की मला आवरत नाही.

सभा नेहमीसारखी भर दुपारी ठेवली, कारण तालुक्याच्या साहेबांना उजेडात परतायचं असतं. फरशीवर मी वीस वर्षांनंतरचं जंगल काढलं. इथे बांबू, तिथे मोह, नाल्यालगत नवं रोपवन. रोपं जगेपर्यंत तिथे चराईबंदी. सगळ्यांनी हात वर केले आणि मी फुशारले.

संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या माळावर, ढोरकी भाऊ भेटले. अख्ख्या गावाची जनावरं तेच चारतात. मी कौतुकानं कागदावर उतरवलेला तो नकाशा दाखवला.

"बाई, नाल्यावर बंदी, तं ढोरायले पानी कुठी पाजू?"

"मंग भाऊ, सभेत काऊन नाई आले?"

"कसा येऊ? तुमचीच ढोरं चारून राह्यलो होतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी तुटलं तर त्यांचं कामच सुटणार होतं, आणि ते आम्ही त्यांच्या माघारी ठरवून मोकळे झालो होतो. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

फेरसभेत त्यांना बसवायचं, तर ढोरांमागे कोणीतरी जायला हवं. काठी मीच घेतली. गायींनी मला दिवसभर पळवलं. दुपारी त्या माझं न ऐकता सरळ नाल्यावर उतरल्या. त्यांची वाट एवढी खोल झिजली होती, की ती मला आजवर दिसली कशी नाही याचंच नवल वाटलं.

परतले तेव्हा ठराव होऊन गेला होता. नाला मोकळा, रोपवन आणि त्याची बंदी टेकडीवर. बरोबरच होतं. पण त्याच टेकडीवरून मी माझ्या शेळ्यांना पाला आणते, आणि मला कोणी विचारलंच नव्हतं. मी संतापले. भाऊंनी हा राग किती वर्षं गिळला असेल, आणि तरी रोज सकाळी ते माझ्याच दारातून माझी गाय चरायला नेत होते.