सासूबाई गोड बोलू लागल्या

आमच्या सासूबाईंचं मला उद्देशून पहिलं वाक्य असं होतं: “अवं, तांदूळ निवडून राहिली का मोती ओवून राहिली?” अंगावरची हळद अजून उतरायची होती. मी अकोल्याची, जठारपेठेत वाढलेली. वऱ्हाडी बोलणं मला काही नवं नव्हतं. पण शेंदूरजनाघाटच्या या बाईची गोष्टच निराळी. पोस्टमन, पुजारी, जावई, कोणालाही सूट नाही. आरती झाली की देवालासुद्धा म्हणायच्या, “आईकू आलं असंन त कर काही.”

नाव वेणूबाई. सासरे लवकर गेले, तेव्हापासून संत्र्याची बाग त्यांनीच सांभाळली. सत्तरी ओलांडली तरी तोडीच्या दिवसांत सकाळपासून बागेत उभ्या. व्यापारी बारीक फळ बाजूला काढू लागला की त्याच्या हातून हिसकावून पुन्हा क्रेटमध्ये टाकायच्या. “तुह्या डोक्यापेक्षा मोठं हाये,” म्हणायच्या. तो बिचारा वीस वर्षं हे ऐकत आलेला. मी बारा वर्षं ऐकलं. भाजीवर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, कमी पडली की माझ्या अख्ख्या माहेराचा उद्धार व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरची, तोड चालू असताना एका सकाळी मी त्यांना चहा दिला. फिका झाला होता, मला माहीत होतं. पाठ फिरवून मी तयारीतच उभी राहिले. मागून आवाज आला, “छान झाला बाई चहा. तुमीपन घ्या न थोडा.”

खरं सांगते, लपवून काय करू, पहिले दोन दिवस मी सुखात होते. नवराही खूश. शेजारीण म्हणाली, देवानं उशिरा का होईना, बुद्धी दिली. संशय आला तो एकट्या व्यापाऱ्याला. त्याने बारीक फळं बाजूला काढली तर सासूबाई म्हणाल्या, “काढा न बाप्पा, तुमाले बरं वाटते तसं.” त्याने तोड थांबवली आणि मला फोन केला. “वहिनी, काकूची तब्येत बरी नाही. मले त भेव लागून राहिलं.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तुमी कोनाच्या घरच्या, बाई?” दुपारी पिशवी भरून माहेरी निघाल्या. ते घर पडून चाळीस वर्षं झाली होती. मग अंगणात दोरीवर वाळणाऱ्या साडीशी बोलत बसल्या. आग लागो त्या दोन दिवसांच्या सुखाला, असं झालं.

अमरावतीहून मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, आले. हुशार माणूस, पण घाई फार. मोबाइलवर वाचून त्यांनी निकाल दिला, “स्मृतिभ्रंश आहे. आता हे वाढतच जाणार. अमरावतीला एक वृद्धाश्रम आहे, तिथे ठेवू.” माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. सासूबाई गोड हसून म्हणाल्या, “जशी तुमची मर्जी.” ते ऐकून मला रडूच फुटलं. शुद्धीत असत्या तर या बाईने भाऊजींना वेशीपर्यंत पळवलं असतं.

मी म्हटलं, नेण्याआधी वरूडला दाखवून तरी येऊ. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. “हे कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“चार दिवस.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी शिव्या देत होत्या,” मी म्हटलं. “अगदी व्यवस्थित.”

त्या हसल्या नाहीत. “विसरण्याचा आजार असा चार दिवसांत येत नाही, तो वर्षानुवर्षं चढत जातो. अचानक भ्रम झाला तर आधी अंगात कुठे इन्फेक्शन आहे का ते शोधायचं. पाणी किती पितात?”

पाण्याचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तोडीला बागेत सगळी गडीमाणसं, बाईला आडोसा नाही. म्हणून सासूबाई सकाळच्या चहानंतर संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवायच्या नाहीत. “पानी पेलं त जा लागते,” हे त्यांचं गणित. लघवी तपासली तर जंतूच जंतू. ताप नव्हता, म्हाताऱ्या माणसाला तो येतोच असं नाही म्हणे. “आग खाली लागलीय, पण तिची आच मेंदूपर्यंत गेलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वेळेवर विझवली तर बहुतेक वेळा माणूस सावरतो. पुन्हा पुन्हा असं झालं तर मेंदू पुरता सावरत नाही, आणि मग खरोखरच विसरायला लागतात.”

भरती केलं. सलाइन, इंजेक्शनं सुरू झाली. भाऊजींना ते पटलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी ते खाटेशेजारी बसून वृद्धाश्रमाचा फॉर्म भरत होते. सासूबाईंनी डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “काय लिहून राहिला रे बह्याडा? माह्यं मृत्युपत्र?”

मी बाहेर जाऊन पोटभर रडले. मग व्यापाऱ्याला फोन केला, “भाऊ, तोड सुरू करा. पण जपून.”

त्या वर्षी बागेत पहिल्यांदा संडास बांधला. सासूबाई तासातासाला पाणी पिऊ लागल्या आणि त्यांच्या हाती एक नवं हत्यार आलं. कोणी गोड बोललं की म्हणायच्या, “याची लघवी तपासा.” निवडणुकीचा उमेदवार हात जोडून “मावशी, तुम्हीच माझी आई” म्हणाला, तर मागच्या कार्यकर्त्यांना म्हणाल्या, “वरूडले न्या रे याले. जास्त झालं हाये.”

गेल्या आषाढात एक दिवस त्या एकट्याच बसने वरूडला जाऊन आल्या. मला हाक मारली आणि हातात कागद दिला. “वाच.” लघवीचा रिपोर्ट होता.

“काय निघालं?”

“काही नाही, आई. साफ आहे.”

“तारीख?”

“आजची.”

“मंग आता आईक. मी भानावर बोलून राहिली. पोरायनं मले पाठवलंच होतं. तू होती म्हणून मी माह्या घरात हाये. लय चांगली हायेस तू.”

मी पुन्हा एकदा रिपोर्ट पाहिला, मग त्यांच्याकडे.

“पाहून काय राहिली? पुन्हा सांगनार नाही.”

नाहीच सांगितलं. पोळ्याच्या चार दिवस आधी त्या झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी वरणात मीठ जास्त पडलं म्हणून मला अर्धा तास बोलल्या, एकेक शब्द भानावर राहून.