विसपुते सर आणि माझी मावशी

विसपुते सरांची आणि माझी पहिली भेट सूक्ष्मदर्शकापाशी झाली. मी चांदवडहून नाशिकला पीएच.डी. करायला आले होते. सरांनी काचेच्या बशीतल्या पेशींच्या थरावर एक बारीक ओरखडा काढला आणि उद्या येऊन बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांच्या पेशी त्या ओरखड्यात सरकलेल्या होत्या. "बघा, चालल्या," सर म्हणाले. विद्यार्थ्यांनाही ते अहोजाहोच करतात.

पेशींना चालवणाऱ्या 'रो' कुळातल्या प्रथिनांसाठी सरांनी उभी हयात घातली. त्यातलं एक प्रथिन पेशीला पुढे पाय काढायला लावतं, दुसरं मागचा भाग ओढून घेतं. जखम भरून येते ती यांच्यामुळे, आणि कर्करोगाची पेशी गाठ सोडून अंगभर पसरते तीही यांच्याच बळावर. आम्ही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायचो. 'स्तन' हा शब्द सरांसमोर दिवसभर उच्चारताना मला कधी संकोच वाटला नाही.

मग तशीच एक गाठ माझ्याच अंगात हाताला लागली आणि माझी दातखीळ बसली. घरी आईलासुद्धा सांगितलं नाही. शेवटी अभ्यासातली शंका विचारावी तसं सरांना विचारलं, की लहान गाठीतून पेशी बाहेर पडायला किती वेळ लागतो.

सरांनी हातातलं काम थांबवलं. "गाठ कुणाला आहे?"

मावशीला, असं मी सांगून टाकलं. मला मावशीच नाही.

"मग मावशींना आजच दाखवा. पेशी आपल्यासाठी थांबत नाहीत."

तासाभरात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, रिक्षा घेऊन पंचवटीतल्या माझ्या खोलीवर आल्या. मावशी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही. माझा हात धरून मला डॉक्टरांकडे नेलं. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, मी वाचले.

औषधांनी केस गेले, मी डोक्याला रुमाल बांधून प्रयोगशाळेत जायचे, तरी सर विचारायचे ते "मावशी कशा आहेत?" एवढंच. मी खाली मान घालून "बऱ्या आहेत" म्हणायचे. फोनवर आजही हेच चालतं. मी आता हाच विषय शिकवते, गाठ लपवू नका म्हणून मुलींना बजावते, आणि गुरूंपुढे मात्र अजून मावशीच्या आड लपते. फोन ठेवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सर, आज आपल्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहिताना सांगून टाकते, मावशी नव्हती. गाठ माझ्या स्तनात होती. यापुढेही आपली नजर तेज राहो, प्रकृती ठणठणीत राहो, काकूंसह आपल्याला उदंड आयुष्य लाभो. आणि पुढच्या फोनवर आपण माझी तब्येत विचारावी.