देवचंद आप्पांचं अळशीचं लोशन

सलूनमधले कापलेले केस रोज संध्याकाळी झाडून निघतात, पण किस्से काही निघत नाहीत, कोपऱ्यात साचतच जातात! साठ सालाच्या आसपास नंदुरबारला स्टेशनजवळ आमच्या देवचंद आप्पांचं सलून होतं. मी प्राथमिक शाळेत मास्तर, आणि माझे केस म्हणजे उलटी केरसुणी. दोन मुलींनी नकार दिला होता. आता तिसरी बघायची होती, जवळच्या प्रकाशा गावची.

"गुरुजी, डोकं मन्हावर सोडा," आप्पा म्हणाले. "मन्हं लोशन शे ना!"

लोशन म्हणजे अळशी पाण्यात उकळून फडक्यातून गाळलेला बुळबुळीत रस. लावला की केस मऊ, वाळला की भांग जागचा हलत नसे.

*

सुरतच्या गाडीने एक सेल्समन केस मऊ करायचं महागडं क्रीम घेऊन यायचा. त्याची रिकामी बाटली आप्पांनी आपल्या रसाने भरून ठेवली. पुढच्या खेपेला सेल्समनने त्याच बाटलीतलं स्वतःच्या डोक्याला लावून घेतलं आणि आरशात बघत म्हणाला, "पाहिलंत? ही आमच्या मालाची कमाल!"

"हाव ना भाऊ," आप्पा म्हणाले, "बाटली तुम्हनीच शे!"

*

मिरचीचे एक शेठ लोशन ओलं असतानाच बाजारात जाऊन बसले. तिथे मिरचीची पूड उडतच असते. तासाभरात डोकं लालभडक! तणतणत परत आले, तर आप्पा शांतपणे म्हणाले, "शेठ, कलरना पैसा मी लेत नही."

*

तलाठ्यांनी घाईत ओल्या डोक्यावरच टोपी चढवली आणि फोटो काढायला गेले. फोटोवाला म्हणाला, "टोपी काढा."

"माझी तयारी आहे हो," तलाठी म्हणाले, "टोपीची नाही!"

*

हे सगळं ठाऊक असूनही मी डोकं आप्पांच्या हवाली केलं. अडला हरी! खरं सांगतो, तिसरा नकार मला सोसला नसता.

प्रकाशा गावी मला मुलीच्या अंगणात खाटेवर बसवलं. मागे म्हैस बांधलेली, आणि तिला रोज अळशीची ढेप, म्हणजे पेंड! मुलगी चहा घेऊन दारात आली आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यावरून खरखरीत जीभ फिरली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. भांग गेला, मांडीवरची टोपी खाली पडली. पाहुणे हसून लोटपोट. मला वाटलं, गेलं हेही स्थळ!

मुलीच्या वडिलांनी कसंबसं हसू आवरलं आणि तिला विचारलं, "बोल सुमन, पोरगा पसंत शे का?"

ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, आपली म्हैस परका माणूसले जवळ बी येऊ देत नही!"