जुन्या जीपांचं आमचं मंडळ

माझा नवरा जव्हारला एका कचेरीत कारकून होता. लिलावात घेतलेली जुनी पेट्रोलची जीप हे त्याचं वेड. तशाच जीपा बाळगणारे सात जण महिन्याच्या पहिल्या रविवारी गावाबाहेरच्या शिरपामाळावर जमायचे, बॉनेट उघडून दुपारपर्यंत बोलत बसायचे. नवऱ्याचे गुडघे गेले आणि जीप माझ्याकडे आली. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मंडळाच्या प्रमुखांनी, एका निवृत्त हेडमास्तरांनी, मला बसायला दगड पुसून दिला.

नव्वदचं दशक सरेपर्यंत आम्ही तिघंच उरलो. कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलांनी जीप भंगारात घातली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सकाळी सातलाच तयार होऊन अंगणात येरझाऱ्या घालायची. आज कुणीच आलं नाही तर?

"बस की जरा," नवरा म्हणायचा. बसवत नसे.

एका मे महिन्यात मोखाड्याहून येताना चढावर माझी जीप बंद पडली. मागून प्रवाशांनी खचाखच भरलेली जीप आली. तिचा चालक, जवळच्या साखरशेत गावचा, उतरला, इंजिनापाशी वाकला.

"बाई, पेट्रोल तापलंय, पाइपात वाफ धरलीय."

त्याने खांद्यावरचा टॉवेल भिजवून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर गुंडाळला. प्रवासी ओरडत होते, तो जागचा हलला नाही. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली.

"तुम्ही शिरपामाळावर जमता ना? माझी डिझेलची हाय, पन जुनीच. चालंल का?"

"चालेल की," मी कुणालाही न विचारता म्हणाले.

हेडमास्तरांना ते रुचलं नाही. "ती भाड्याची गाडी. आपण हौशी माणसं."

"सर, आपण तिघंच आहोत."

"तिघं तर तिघं!"

माझाही आवाज चढला. पुढच्या रविवारी साखरशेतवाला आला, सोबत आणखी दोन चालक घेऊन. हेडमास्तर आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.

चालकांकडून मी प्लग साफ करायला शिकले, क्लचचं दुखणं आवाजावरून ओळखायला शिकले. तरी माळावर बसल्यावर माझी नजर सारखी रस्त्याकडे जायची. तीन-चार वर्षांनी चालकांनी नव्या गाड्या घेतल्या. रविवारी त्यांना प्रवासी मिळायचे. त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? आमच्यातल्या तिसऱ्यानंही येणं सोडलं. मंडळ संपलं.

त्यानंतर एकदा मी हेडमास्तरांच्या घरी गेले. ते जीप धूत होते. मला बघून त्यांनी बादली बाजूला ठेवली.

"बसा. मोखाड्यापर्यंत जाऊन येऊ."

जीप गावाबाहेर पडली. मग त्यांनी विचारलं, "तो साखरशेतचा येतो का अजून?"

"नाही, सर. आता कुणीच येत नाही."

"मी उगाच तेव्हा..." ते म्हणाले, आणि समोर वळण आलं म्हणून गिअर बदलू लागले.