पुंजारामाचा हसरा फोटो

हर्सूलच्या चतुराबाईसारखं रडणं आसपासच्या गावांत कुणाला येत नसे. मयताच्या घरी ती आली की बायका सरकून तिला पुढं जागा देत. हेल काढून ती एकेक आठवण सांगू लागली, की गेलेला माणूस जिवंतपणी होता त्यापेक्षा पुष्कळच बरा वाटू लागे. जन्मभर कुणाला आपल्या बांधावर पाऊल टाकू न देणारा एक म्हातारा वारला, तेव्हा तिनं असा गळा काढला, की त्याचा वैरी भाऊबंददेखील पटक्याच्या शेवानं डोळे पुसत घरी गेला. शेजारची सारजाबाई म्हणायची, "चतुरे, तू हायेस तवर मला मरायची धास्ती नाय."

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली असतील. एका मराठी चित्रपटाची मंडळी हर्सूल तलावाच्या काठी उतरली होती. कथेतला म्हातारा पाटील मरतो आणि घरच्या बायका आकांत करतात, एवढा एकच प्रसंग उरला होता. मुंबईहून आणलेल्या बायका रडत होत्या, पण दिग्दर्शक तात्यासाहेबांच्या मनाला ते रडणं काही येईना. तेव्हा त्यांना बैलगाड्या, पाणी आणि गर्दीतली माणसं पुरवणाऱ्या बद्रीनाथ गुत्तेदारानं चतुराबाईचं नाव काढलं.

चतुराबाई आधी नको म्हणाली. त्याच पावसाळ्यात तिचा नवरा पुंजाराम टायफॉइडनं शहरातल्या घाटी दवाखान्यात पडला होता. आज जातो की उद्या, असे दिवस काढून तो कसाबसा घरी आला होता. तेव्हापासून तिनं मयताला जाणंच सोडलं होतं. मरण एकदा दारात येऊन परत गेलेलं. आपण गळा काढून त्याला पुन्हा घर कशाला दाखवायचं, अशी तिची भीती होती. बद्रीनाथनं तिची समजूत घातली, की इथं मरणार कोणीच नाही, आणि चादरीखाली असेल तो मुंबईचा नट, त्याचं आपल्याला नावसुद्धा माहीत नाही. परक्याचं, आणि तेही खोटं, असं स्वतःला समजावत ती कबूल झाली.

तो नट आदल्या दिवशी वेरूळची लेणी बघायला गेला आणि उन्हानं ताप घेऊन आला. बद्रीनाथची पळापळ झाली. त्याला वाटेत पुंजाराम दिसला. दुखण्यानं गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. त्याला पाहून रंगभूषा करणारा फकिरा म्हणाला, की या माणसाला राख लावली की पुरे, रंगाचं कामच नाही. नुसतं पडून राहायचं आणि वर चहा-केळी मिळणार, हे ऐकून पुंजाराम खूश झाला. बायकोला कळू द्यायचं नाही, ही अट मात्र त्याचीच. तोंडावर चादर असणार होती, तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

कळलं ते पायांवरून.

चतुराबाई पायथ्याशी बसली, पदर सावरला आणि तिनं पहिला हेल काढला. सगळीकडं शांत झालं. ती दुसरा हेल काढणार, तोच तिची नजर चादरीबाहेरच्या पावलांवर गेली. मयताचे बांधतात तसे अंगठे सुतळीनं बांधलेले होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. बैलाचा पाय पडून चिरलेलं ते नख तिनं दवाखान्यात रोज तेल लावताना पाहिलं होतं. ती उठली आणि तिनं चादर ओढली.

राखेनं माखलेला, नाकात कापसाचे बोळे घातलेला पुंजाराम एक डोळा उघडून म्हणाला, "अगं, रड की. उजेड चाललाय."

सगळे हसले. चतुराबाई हसली नाही. तिनं आधी अंगठ्यांची गाठ सोडली, मग नाकातला कापूस काढून फेकला. बद्रीनाथ केव्हाच गाडीमागं गेला होता. तात्यासाहेब स्वतः आले, चुकलं म्हणाले. आता दुसरा माणूस कुठून आणणार, आणि उद्या सकाळी तर सगळ्यांना निघायचं होतं, हेही त्यांनी सांगून पाहिलं. ती ऐकेना.

फकिरा तिच्याजवळ येऊन बसला. त्यांच्या धंद्यातली रीत त्यानं सांगितली. पडद्यावर जो मरतो, त्याला काम संपताच उठवून बसवायचं आणि तिथल्या तिथं त्याचा हसरा फोटो काढायचा. शेवटचं चित्र मेल्याचं राहू द्यायचं नाही. त्यानं कितीतरी मुडदे रंगवले होते आणि ते सगळे नंतर जेवायला बसले होते.

पुंजाराम आता ओशाळून उठून बसला होता. तो हळूच म्हणाला, "दवाखान्यात लई दिस रडू दाबून ठिवलंस तू. माझे डोळे मिटलेले व्हते, पर मला समजत व्हतं. नगं वाटत असंल तर घरी जाऊ."

तिनं अंगठ्यांची सुतळी उचलून लांब फेकली. मग म्हणाली, "पडा. पर अंगठे बांधायचे नायत. अन् 'गेलं' हा शब्द मी तोंडातून काढनार नाय."

आणि तो तिनं काढलाही नाही. ती सरळ नवऱ्यावर रागवायलाच लागली. असं निजून काय राहिलात, मोटेचा नाडा तुटलाय, तांबडी गाय तुमच्याबिगर पान्हवत नाय, वांग्याला पाणी कोण देईल, उठा म्हणते ना. दवाखान्यातल्या खाटेशी बसून मनातल्या मनात म्हटलेलं सगळं हेल धरून बाहेर आलं. सोबत रडायला बसलेल्या सारजाबाईला खरोखरचं रडू फुटलं. तात्यासाहेब 'कट' म्हणायचं विसरले. चादर डोळ्यांपाशी ओली झाली. रडणाऱ्या मुडद्याचा तेवढा तुकडा पुढं कापावा लागला.

मग फोटो निघाला. घरी आल्यावर चतुराबाईनं त्याला उंबऱ्याबाहेरच आंघोळ घातली आणि सारजाबाईला आत्या करून त्याचं नाव पुन्हा त्याच्या कानात सांगायला लावलं. सारजाबाईनं कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "भाचा दाढीचा हाय, पाळना मोडंल."

चित्रपट शहरात लागला तेव्हा अख्खं हर्सूल बैलगाड्या जुंपून बघायला गेलं. टॉकीजमधल्या बायका त्या प्रसंगाला मुसमुसत होत्या. चतुराबाईनं तेवढ्यापुरता पदर डोळ्यांवर घेतला आणि शेजारी बसलेल्या पुंजारामाचं मनगट धरून ठेवलं.

त्यानंतर पुंजाराम पुष्कळ जगला. नातवंडांना खांद्यावर घेऊन पाचोडच्या बाजाराला जाऊन आला. अखेर एका दुपारी बाजेवर पडल्या पडल्याच तो गेला. बायका चतुराबाईच्या हेलाची वाट बघत राहिल्या. ती नुसती पायथ्याशी बसून त्या चिरलेल्या नखावरून बोट फिरवत होती. सारजाबाईनं खुणावलं, तेव्हा म्हणाली, "मागंच बोलून झालंय समदं. त्येंनी आयकलं बी व्हतं."

तेराव्याला मुलगा लक्ष्मण झेंडूचा हार घेऊन आला. घरात पुंजारामाचा एकच फोटो होता, फकिरानं पाठवलेला, गालांवर राख आणि तोंडभर हसू असलेला. लक्ष्मण स्टुलावर चढला, तशी चतुराबाईनं त्याच्या हातातून हार काढून घेतला.

"त्याला नगं," ती म्हणाली. "त्यो उठल्याचा फोटू हाय."

शेजारच्या खुंटीवर पुंजारामाचा पटका होता. हार तिनं त्याला घातला.