माईंनी निवडलेला टब

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि अक्षर रेघ सोडून खाली उतरणार, त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायचं नाही. पण माईंना जाऊन वर्ष होत आलं, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर नीट लिहावं असं वाटतं.

माई कुठलीही वस्तू वापरून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. चप्पल घेताना दुकानाचा जिना चढून उतरायच्या. उशी घेताना चार लोकांदेखत आडव्या व्हायच्या. मी दिल्लीत मयूर विहारला त्यांच्याकडे स्वयंपाकाला गेले, तर म्हणाल्या, "आधी एक भाकरी थापून दाखव." ती खाल्ली आणि म्हणाल्या, "उद्यापासून ये. पण इतकं हळू बोलू नकोस गं, मला वाटतं माझेच कान गेले."

एकदा बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला. हाड वाचलं, गुडघा मात्र सुजला. त्यांचा मुलगा विनायकदादा केंद्र सरकारच्या ऑफिसात. ते म्हणाले, "आई, यापुढे सुमन तुला आंघोळ घालेल."

"मी काय तान्हं बाळ आहे? दाराला कडी लावून, माझ्या हातानं आंघोळ करणार."

मी तव्याकडे बघत राहिले. मलाही लाज वाटत होतीच.

डॉक्टरांनी गुडघे कोमट पाण्यात ठेवायला सांगितलं. म्हणून बाथरूम फोडून टब बसवायचं ठरलं. दादांनी फोनवर एक दगडी, चकचकीत टब दाखवला. माई म्हणाल्या, "फोनात बसून बघू का?" मग आम्ही तिघं पहाडगंजला गेलो.

दुकानात माईंनी लोखंडी टबाला हात लावला. "जानेवारीत यात बसायचं म्हणजे बर्फाची लादीच." फायबरचा दाबला, तो वाजला. "हा कुरकुरतो. घरात मी आहे तेवढी पुरे." अ‍ॅक्रिलिकचा हाताला गार लागेना आणि वजनालाही हलका. दादांचं लक्ष अजून दगडीवरच होतं.

मग माईंनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, स्टुलावर बसल्या आणि तळपायांना तेल चोळायला लागल्या.

दुकानदार धावला. "माताजी, ये शोरूम है!"

"बेटा, दिवाली पे हम तेल लगाके ही नहाते हैं. तेरा टब झेलेगा क्या?"

"आई, प्लीज यार," दादा म्हणाले आणि पंख्यांच्या किमती बघायला लागले.

दगडी टबात ठेवताच त्यांचा पाय सरकला. मी दंड धरला म्हणून बरं. अ‍ॅक्रिलिकमध्येही तेच. आता दुकानदारच इरेला पेटला. आतून त्याने आणखी एक अ‍ॅक्रिलिकचा टब आणवला, बुटका, बाजूला दांडी, तळ खरखरीत. माई त्यात उभ्या राहिल्या, दोन पावलं चालल्या, वळल्या. पाय हलला नाही.

"हाच."

"आई, हा हॉस्पिटलातला वाटतो."

"मग मी काय नटी वाटते?"

तेलकट झालेले टब मी पुसून काढले. तोवर माईंनी दुकानदाराकडून चहा मागवला होता.

दिवाळीच्या पहाटे माई उटणं घेऊन आत गेल्या आणि कडी लावली. मी बाहेर. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

"माई?"

"आहे गं, आहे."

बाहेर आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. "विनू, जा आता, पाणी गरम आहे," एवढंच म्हणाल्या, पण दिवसभर गुणगुणत होत्या.

दोन हिवाळे असे छान गेले. मग पायातलं बळ कमी झालं. एका सकाळी मी बाहेर उभी असताना कडी निघाल्याचा आवाज आला.

"सुमन, आत ये."

टॉवेल गुंडाळून त्या टबाच्या काठावर बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे. "आज पाय उचलत नाही गं."

मी काखेत हात घालून त्यांना हळूच पाण्यात बसवलं. कुठे बघावं ते मला कळेना. मग त्यांनी खांद्यावरून घासणी मागे माझ्याकडे दिली.

"पाठ तेवढी घास. बाकीचं माझं मी बघते."

मी पाठ घासली, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लावलेली नव्हती. म्हणून त्यांची आंघोळ होईपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिले.